चाखलेले शेंगोळे

"मग सांगा ना बुवा, अण्णा जेवत का नाहीत?"

मकरंदने तिसऱ्यांदा विचारलं. शिवगिरबुवा मठातल्या चुलीपुढे बसून शेंगोळे वळत होते. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळकटी करायची, टोकं जुळवायची आणि उकळत्या तिखट रश्शात सोडायची.

मकरंद शहरातल्या मोठ्या हॉटेलात शेफ. दीड महिन्यापूर्वी आई गेली. तेव्हापासून रजा काढून तो गावी राहिला होता आणि वडिलांसाठी रोज स्वतः रांधत होता. वडील मात्र दिवसेंदिवस वाळत चालले होते.

"काय करून घालतोस त्यांना?"

"हेच. आईच्या हातचे असायचे, अगदी तसे. पीठ ग्रॅमवर मोजतो. आच किती, वेळ किती, सगळं लिहून ठेवलंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, डोळे मिटून खाल्लं तर तुझी आईच."

"आणि अण्णा?"

"'छान झालंय' म्हणतात. दोन घास खातात, ताट सारतात... डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. तुम्हाला मानतात ते. काही अंगारा वगैरे..."

"शिकलेला ना रे तू?"

"शिकलेलं सगळं करून झालं, बुवा."

बुवांनी पातेलं उतरवलं. वाटीभर शेंगोळे देवापुढे ठेवले, पाणी फिरवलं.

"चाखून नाही पाहिलं तुम्ही?"

"देवाच्या आधी?"

"आई हेच म्हणायची! उभ्या जन्मात तिनं चाखून स्वयंपाक केला नाही. मी किती वाद घातला तिच्याशी."

"मग मीठ कसं कळायचं तिला?"

"अण्णांना विचारायची. पहिला घास घेतला की, 'कसं झालंय?' अण्णा रोज खोट काढायचे. आज अळणी, आज पाणचट, आज कुणाच्या रागाचं तिखट घातलंय. मग ती उठणार, मीठ आणणार, पुटपुटणार... चाळीस वर्षं. अर्धं जेवण त्यातच व्हायचं."

"आणि तू?"

मकरंद ताठ बसला. "मी सात वेळा चाखतो. खोट काढायला जागाच ठेवत नाही."

बुवांनी दोन ताटल्या वाढल्या.

मकरंदने घास घेतला आणि थांबला.

"बुवा, रश्शात मीठच नाही."

"असं? डबा फळीवर आहे. बघ तूच."

मकरंदने मीठ घातलं, ढवळलं. "घट्टही झालाय. पाणी?"

"माठात."

"आणि ही मिरची कुणी वाटली? अर्धी तशीच आहे."

"मीच. पाटा झिजलाय, मीही झिजलोय."

मकरंद हसला. दीड महिन्यात पहिल्यांदा. तीन वेळा वाढून घेतलं. चौथ्यांदा पळी उचलली आणि हात तसाच राहिला...

तो उठून बाहेरच्या ओट्यावर गेला. फोन लावला.

"अण्णा... संध्याकाळी शेंगोळे करतोय. मीठ किती घालू?"

पलीकडे खुर्ची करकरली.

मग खरखरीत आवाज आला. "मला काय विचारतोस? मोठा शेफ ना तू?"

"सांगा ना."

"परवाचे काय शेंगोळे होते ते? रबर नुसतं! तुझ्या आईलासुद्धा धड जमले नाहीत कधी. शेवटपर्यंत सांगत होतो तिला, पीठ सैल भिजव, सैल भिजव..."

आवाज मध्येच तुटला. मग अण्णा खाकरले.

"तू ये आधी. आणि माझी खुर्ची स्वयंपाकघरात टाक. तिथूनच सांगतो."

मकरंद आत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. बुवा पातेलं खरवडत होते.

"तुम्ही मुद्दाम मीठ घातलं नव्हतं ना, बुवा? मला शिकवायला?"

"छे रे. विसरलो. देव तसाच जेवला, बोलला नाही... पंगतीला माणूस लागतं ते त्यासाठीच."