आजीचं उचललेलं पान

खूप खूप वर्षांमागे, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, कारण मलाही ते कुणी सांगितलेलं नाही. पण तेव्हा कावळे माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत, एवढं खरं. त्या काळी एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या वेशीवर एक खानावळ होती.

खानावळ चालवायची ठकूआक्का. तिच्या हाताला अशी चव, की काही बोलायची सोय नाही! साधी आमटी केली तरी माणसाने द्रोण तोंडाला लावून प्यावी. घाट उतरून आलेल्या वाटसरूला गरम जेवण देण्याचा मान जुन्या राजाने या गावाला दिला होता. मानाबरोबर एक अटही होती. खानावळीची चूल कायम पेटती ठेवायची. पण ज्या दिवशी जेवायला एकही वाटसरू येणार नाही, त्या दिवशी ती विझवायची आणि मान दुसऱ्या गावाला द्यायचा. ठकूआक्काच्या सासूने ती चूल राखली होती, सासूच्या सासूनेही राखली होती.

आणि आता ती ठकूआक्काच्या हातून विझायची वेळ आली होती.

झालं होतं असं, की नदीपलीकडे दुसरी खानावळ निघाली. तिथली आमटी पाणचट, भाकरी कडेला करपलेली. तरीही लोक ठकूआक्काच्या दारावरून सरळ पुढे जायचे, गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडायचे आणि ती करपलेली भाकरी खायचे. आता याला काय म्हणावं?

ठकूआक्का हात बांधून बसणारी बाई नव्हती. तिला वाटलं, आपल्याच रांधण्यात काहीतरी कमी पडतंय. तिने मसाला पुन्हा भाजला, पुन्हा कुटला. भाकरीवर लोण्याचा गोळा द्यायला सुरुवात केली. ताकाला आलं आणि कढीपत्ता लावून असा ताकभात केला, की त्याच्या वासानेच माणसाचा शीण जावा. पण रोज पंगत आणखी लहानच होत गेली.

एक दिवस गावचे पंच आले. त्यांच्यातले म्हातारे पंच म्हणाले, "आक्का, पौर्णिमेला मिठाचा तांडा घाट उतरेल. त्या दिवशी दुसरं कुणी या वाटेला येत नाही. तांडा तुमच्याकडे जेवला तर ठीक. पुढे गेला, तर चूल विझवावी लागेल."

"विझणार नाही," ठकूआक्का म्हणाली.

"कशावरून?"

"मी म्हणते म्हणून."

म्हणाली खरी ठणकावून. पंच गेल्यावर मात्र ती परसात गेली आणि पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. तिला फार वाईट वाटत होतं. सगळं करून पाहिलं होतं आणि चुकतंय काय तेच कळत नव्हतं.

परसात उष्ट्या पत्रावळींचा ढीग होता आणि ढिगावर एक कावळा बसला होता. असा गुबगुबीत, की उडायचाही त्याला कंटाळा.

"रडू नकोस गं," कावळा म्हणाला. "तुझ्या ताकभाताला तोड नाही, बघ."

ठकूआक्का चिडली. "तुला रे मेल्या काय कळतंय?"

"मला नाही कळणार तर कुणाला? रोज तोच खातो मी! भाकरीचा तुकडा मिळत नाही, भाजीचं बोट चाटायला मिळत नाही. ताकभात मात्र पानोपानी पडलेला. देव तुझं भलं करो!"

ठकूआक्काने डोळे पुसले आणि वाकून एकेक पत्रावळ पाहिली. कावळा खरंच सांगत होता. भाकरी, भाजी, आमटी, सगळं पुसून खाल्लेलं. फक्त शेवटचा ताकभात तसाच. अन्न वाईट असतं तर सगळंच उरलं असतं. मग लोक ऐन शेवटच्या भातालाच का उठत होते?

"मला काय विचारतेस?" कावळा म्हणाला. "बाहेर जाऊन बघ की! इतक्या वर्षांत पंगतीकडे कधी फिरकलीस तरी का?"

नव्हती फिरकली. त्या खानावळीत रांधणाऱ्या बाईने चुलीपाशीच राहायचं आणि शेवटी तिथेच आपल्या हाताने वाढून घेऊन जेवायचं, अशी रीत होती. आपलं अन्न पंगतीत बसून कसं लागतं, हे ठकूआक्काला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दाराआड उभी राहिली. पंगतीत चार-दोनच माणसं होती. बाकी सगळी पानं रिकामी.

वाढायला होता भुजंगा. हा तिथला मुख्य वाढपी. बाकीचे वाढपी त्याच्याच हाताखाली शिकलेले. भुजंगा पंगतीतून असा धावत होता, की जणू कुणी पाठीस लागलंय. कुणाच्या पानात भाकरी टाकली, ती आमटीत पडली. कुणी पाणी मागितलं, तर "हात दोनच आहेत मला!" म्हणून पुढे गेला. एका माणसाने भाजी पुन्हा मागितली. भुजंगा म्हणाला, "मघाशी वाढली तेव्हा झोपला होतात का?" आणि ताकभात वाढता वाढताच त्याने आरोळी दिली, "आटपा, आटपा! पुढची पंगत खोळंबलीय!" त्याबरोबर दुसरा वाढपी जेवणाऱ्यांच्या पाठीमागून झाडू मारत निघाला.

माणसं उठली. ताकभात पानातच राहिला.

ठकूआक्काचे कान तापले. ती पंगतीच्या मधोमध येऊन उभी राहिली. रीत गेली खड्ड्यात!

"भुजंगा, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे?" भुजंगा खरोखरच गोंधळला. "वाढतोय की आक्का. या मुलखात माझ्याइतकं चपळ कुणी वाढून दाखवावं!"

मग सगळं बाहेर आलं. पुष्कळ वर्षांपूर्वी राजाची फौज त्या वाटेने लढाईवर निघाली होती. भुजंगाने अख्ख्या फौजेला उभ्या उभ्या जेवू घातलं होतं. सरदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपला शेला त्याच्या खांद्यावर टाकला. तेव्हापासून भुजंगा समोर कुणीही आलं, तरी ते आत्ताच लढाईवर निघालंय अशाच घाईने वाढत होता. त्याला वाटायचं, वाढणं म्हणतात ते हेच.

ठकूआक्काला त्याला हाकलून देता आलं असतं. पण तो आळशी नव्हता, चोर नव्हता. पडेल ते काम करत होता, फक्त ते उलट्या बाजूने करत होता. ती म्हणाली, "उद्या सकाळी काही न खाता घाटावर जा आणि चुलीला लाकडं घेऊन ये. येशील तेव्हा पंगतीत बसून जेव. तुला तुझीच माणसं वाढतील, तू शिकवलंस तशी."

"एवढंच ना?" भुजंगा हसला.

दुसऱ्या दिवशी आलेले दोघे-तिघे वाटसरू जेवून गेले आणि मग ऊन डोक्यावर आल्यावर तो मोळी घेऊन उतरला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. पानावर बसला आणि समोरच्या भाकरीचा वास घेतला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात आमटी मनगटावर सांडली.

"अरे, जरा हळू!"

"हात दोनच आहेत मला!" वाढपी म्हणाला आणि पुढे गेला.

भुजंगाने भाजी मागितली. त्याला विचारण्यात आलं, की मघाशी झोपला होतात का. त्याने ताकभाताला हात लावला, पहिला घास तोंडाजवळ नेला आणि मागून झाडू सुरू झाला. "आटपा, आटपा! पुढची पंगत खोळंबलीय!"

"कुठली पुढची पंगत?" भुजंगा ओरडला. "इथे माझ्याशिवाय आहे कोण?"

ओरडता ओरडता त्याने रिकाम्या ओसरीवर नजर फिरवली. त्या ओसरीवर कित्येक महिन्यांत पुढची पंगत बसलीच नव्हती, आणि तो रोज तिच्या नावाने लोकांना उठवत होता. घास त्याच्या हातातच राहिला. त्याला इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

"आक्का," तो पुटपुटला, "मिठाच्या तांड्याचं आता काही खरं नाही. नायकाची म्हातारी आई आहे ना, तिला दात नाहीत. मागच्या खेपेला ती भात कालवत बसली होती, हळूहळू. मी तिच्या पुढ्यातलं पान उचललं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली."

ठकूआक्काच्या मुठी वळल्या. दाराशी आलेल्या म्हातारीचं भरलं पान उचलायचं? पण संतापून चूल राहणार नव्हती.

"तू उचललंस," ती म्हणाली, "आता तूच परत मांड."

पौर्णिमेपर्यंत आलेले वाटसरू जेवून गेले, की त्या ओसरीवर दुसरं काही चालायचं नाही. ठकूआक्का स्वतः पानावर बसायची आणि वाढप्यांकडून वाढून घ्यायची. वाढण्याआधी पाहुण्याच्या तोंडाकडे बघा. आधी पाणी द्या. पुन्हा हवं का ते विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. भुजंगा थांबायला शिकला. धावायची सवय लागलेल्या माणसाला थांबणं फार जड जातं. त्याला घाम फुटायचा, पण त्याने हट्ट सोडला नाही.

पौर्णिमेला दुपारी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तांडा घाट उतरला आणि खानावळीकडे न बघता नदीच्या वाटेला लागला. पंच वेशीवर उभे होतेच. त्यांच्यातल्या एकाच्या हातात पाण्याची घागर होती, चूल विझवायला.

भुजंगा अनवाणी धावला आणि आजी ज्या बैलावर बसली होती, त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

नायक खवळला. "हो बाजूला! माझ्या आईचं पान उचलणारा तूच ना?"

"मीच," भुजंगा म्हणाला. "आजी, माझं चुकलं. तुमचं पान मी परत मांडलंय. तुमचं जेवण होईपर्यंत ते कुणी उचलणार नाही. मी तर नाहीच नाही. मग संध्याकाळ झाली तरी चालेल."

आजीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो घाई न करता उभा राहिला.

"उतरव मला," आजी मुलाला म्हणाली. "भूक लागलीय. आणि नदीचं पाणी गार असतं."

तांडा पंगतीला बसला. भाकरी झाली, भाजी झाली, आमटी झाली. मग ताकभात आला. त्या मुलखात पंगतीतला शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत कुणी उठत नसे. सगळा तांडा हात वाळवत बसला होता आणि आजी आपली एकेक शीत बोटाने मऊ करत खात होती. झाडू कोपऱ्यात उभा होता. भुजंगा ताकाचं भांडं घेऊन तिच्याशेजारी बसला होता.

आजीने शेवटचा घास घेतला, पान बोटाने पुसलं आणि वर पाहिलं. सगळ्यांना वाटलं, झालं आता.

"अजून थोडा वाढ रे," आजी म्हणाली.

भुजंगाने रडत रडतच भात वाढला. दारात ठकूआक्का उभी होती, तीही रडली. पंचांनी घागरीतलं पाणी पंगतीला प्यायला दिलं.

चूल राहिली. तांड्याने जाईल त्या वाटेवर त्या ताकभाताची आणि तो वाढणाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि मग ओसरीवर खरोखरच पुढची पंगत ताटकळू लागली. तिला भुजंगा आधी पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "बसा निवांत, आतली माणसं जेवताहेत." नुकसान झालं ते एकट्या कावळ्याचं. तो सडपातळ झाला, पुन्हा झाडांच्या शेंड्यांवरून उडू लागला आणि सगळ्यांना सांगत सुटला, की ठकूआक्काला अक्कल दिली ती आपणच.

तेव्हा मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: अन्न कितीही चांगलं रांधलं, तरी ते आदराने आणि सवडीने वाढल्याशिवाय पाहुण्याचं पोट भरत नाही.