बाण येईना, खेळ होईना

एक होती टिपकी.

टिपकी म्हणजे कोळ्याची पोर. एवढीश्शी. तिळाएवढी. जाळंबिळं काही विणायची नाही. नुसत्या उड्या मारायची. टुपुक टुपुक! टुपुक टुपुक! आठ पाय, आठ डोळे आणि पोटभर खोड्या.

टिपकी राहायची कुमुदआत्याच्या दुकानात. कॉम्प्युटरच्या मागे. कुमुदआत्या लग्नपत्रिका छापायची.

रोज सकाळी आत्या दुकान उघडायची. कॉम्प्युटरचं बटण दाबायची. टिक! की लगेच पडद्यावर फुलांचं चित्र. आणि चित्रावर पांढरा बाण.

बाण पळायचा, सुर्रर्र! टिपकी त्याच्या मागे, टुपुक टुपुक! बाण इकडे, टिपकी इकडे. बाण तिकडे, टिपकी तिकडे. टिपकी बाणाला चावायला जायची. बाण काही सापडायचा नाही. मज्जाच मज्जा!

मग बाहेर वाजायचं, ट्रिंग ट्रिंग! हणमंतकाकांची सायकल. काकांच्या मुलीचं लग्न होतं. काका रोज यायचे आणि रोज म्हणायचे, "कुमुदताई, पत्रिकेत आणखी एक मामा राहिले हो!"

काका आले की खेळ बंद. कारण काकांना कोळी दिसला, की काका टोपी उगारायचे. टिपकी पळायची कॉम्प्युटरच्या मागे. पण तोवर तिचा खेळ झालेला असायचा. पोटभर!

एक दिवस काय झालं?

आत्याने बटण दाबलं. टिक!

चित्र नाही. बाण नाही. नुसता काळा पडदा. त्यावर एक चक्री. गरगर गरगर. गरगर गरगर. संपतच नाही! शेवटी एकदाचं चित्र आलं. पण तेवढ्यात, ट्रिंग ट्रिंग! काका आले. खेळ बुडाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठ दिवस तेच!

टिपकीला आलं रडू. आठही डोळ्यांत पाणी. मग तिला आला राग. तिने आठही पाय आपटले. टप टप टप टप! टप टप टप टप!

"आज मी माझा खेळ घेणार म्हणजे घेणार!"

टिपकी गेली बाणाकडे. टुपुक टुपुक! पडद्यावर केलं टक टक.

"बाणा, बाणा, बाहेर ये! माझा खेळ होईना!"

"नाही येणार," बाण आतून म्हणाला.

"का रे?"

"चित्र उमटेल, तर मी येईन. या काळोखात पळू कुठे?"

टिपकी गेली चित्राकडे. टुपुक टुपुक!

"चित्रा, चित्रा, उमट ना! बाण येईना, माझा खेळ होईना!"

"नाही उमटणार."

"का रे?"

"चक्री थांबेल, तर मी उमटेन. मधेच नाचत बसलीय बघ कशी!"

टिपकी गेली चक्रीकडे. टुपुक टुपुक!

"चक्री, चक्री, थांब ना! चित्र उमटेना, बाण येईना, माझा खेळ होईना!"

"नाही थांबणार," चक्री म्हणाली. गरगर गरगर.

"का गं?"

"एसएसडीताई उठेल, तर मी थांबेन. आणि बोलू नकोस माझ्याशी. मला चक्कर येते!"

एसएसडीताई कोण? ती राहायची कॉम्प्युटरच्या पोटात. उन्हाळ्यातच आली होती. नवी कोरी. कॉम्प्युटरचं सगळं तिला पाठ. ती फिरायची नाही, घरघरायची नाही. काही विचारा. चट् उत्तर!

टिपकी शिरली फटीतून आत. टुपुक टुपुक!

"ताई, ताई, ऊठ ना! चक्री थांबेना, चित्र उमटेना, बाण येईना, माझा खेळ होईना!"

"नाही उठणार," एसएसडीताई म्हणाली.

"का गं?"

"आजोबा झोपतील, तर मी उठेन. मी केव्हाची तयार बसलेय गं! पण इथली रीत आहे. आधी थोरल्यांना विचारायचं. मग धाकट्यांना."

आता हे आजोबा कोण?

हे हार्डडिस्क आजोबा. आधी कॉम्प्युटरच्या पोटात तेच राहायचे. ताई आली, आणि आजोबा गेले कपाटात.

मग आली खंडेनवमी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सुताराने करवत पुजली. शिंप्याने कात्री पुजली. आत्याने कॉम्प्युटर पुजला. आत्या म्हणाली, "आजोबांनी एवढी वर्षं काम केलं. आज ते एकटेच कपाटात? छे छे!"

तिने आजोबांना बाहेर काढलं. कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसवलं. मान द्यायचा म्हणून वायरसुद्धा जोडली. गळ्यात झेंडूची माळ. कपाळाला कुंकू. पूजा झाली. पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पूजा उचलायची होती. ती राहिलीच!

तेव्हापासून रोज सकाळी कॉम्प्युटर विचारायचा, "आजोबा, सुरू करू का?" आजोबा म्हणायचे, "थांब हं, शोधतो." घर्रर्र, घर्रर्र! "कुठे ठेवलं बरं?" घर्रर्र, घर्रर्र! "इथेच तर होतं!"

टिपकी चढली आजोबांच्या माळेवर. टुपुक टुपुक!

"आजोबा, आजोबा, झोपा ना! ताई उठेना, चक्री थांबेना, चित्र उमटेना, बाण येईना, माझा खेळ होईना!"

"काय? शेंगदाणा?" आजोबा म्हणाले. त्यांना जरा कमी ऐकू यायचं.

टिपकीने पुन्हा सांगितलं. मोठ्ठ्याने!

"नाही झोपणार."

"का हो?"

"वायर सुटेल, तर मी झोपेन. वायर जोडलीय, म्हणजे मला काम आहे. मी काय बिनकामाचा आहे?" आजोबांना जरा वाईटच वाटलं. घर्रर्र, घर्रर्र!

टिपकी गेली वायरकडे. टुपुक टुपुक!

"वायर, वायर, सूट ना! आजोबा झोपेनात, ताई उठेना, चक्री थांबेना, चित्र उमटेना, बाण येईना, माझा खेळ होईना!"

"नाही सुटणार," वायर म्हणाली. वेटोळं करून पडली होती, आळशी कुठली!

"का गं?"

"आत्या ओढेल, तर मी सुटेन. मला कुठे हात आहेत?"

तेवढ्यात लांबून आवाज आला. ट्रिंग! काका घरून निघाले!

टिपकी गेली आत्याकडे. आत्याच्या बशीवरच जाऊन बसली. टुपुक टुपुक!

"आत्या, आत्या, ओढ ना! वायर सुटेना, आजोबा झोपेनात, ताई उठेना, चक्री थांबेना, चित्र उमटेना, बाण येईना, माझा खेळ होईना!"

आत्या चहा पीत होती. फुर्रर्र! कॉम्प्युटर उठेपर्यंत तिचा रोज कपभर चहा व्हायचा.

"नाही ओढणार," आत्या म्हणाली.

"का गं?"

"अक्षता पडतील, तर मी ओढेन. पूजेत बसवलेलं अक्षता टाकल्याशिवाय हलवू नये."

"मग टाक ना अक्षता!"

"टाकू की. उद्या टाकू. आत्ता चहा निवेल." फुर्रर्र!

आठ दिवस आत्या हेच म्हणत होती. उद्या टाकू, उद्या टाकू. तो उद्या काही येतच नव्हता.

वरती फळीवर होती पितळेची वाटी. वाटीत अक्षता. लाल लाल तांदूळ. लग्नपत्रिका द्यायची, तर अक्षता नकोत का? म्हणून वाटी नेहमी भरलेली. टिपकी फळीवर चढली. टुपुक टुपुक!

"अक्षतांनो, अक्षतांनो, पडा ना! आत्या ओढेना, वायर सुटेना, आजोबा झोपेनात, ताई उठेना, चक्री थांबेना, चित्र उमटेना, बाण येईना, माझा खेळ होईना!"

"नाही पडणार!" सगळ्या अक्षता एकदम ओरडल्या. आणि हसल्या. खुळुखुळु खुळुखुळु!

"का गं?"

"वाटी कलंडेल, तर आम्ही पडू. नाहीतर आम्ही आपल्या इथेच बऱ्या!"

ट्रिंग! ट्रिंग! काका पुलावर आले!

टिपकी गेली वाटीच्या काठावर. टुपुक टुपुक!

"वाटी, वाटी, कलंड ना! अक्षता पडेनात, आत्या ओढेना, वायर सुटेना, आजोबा झोपेनात, ताई उठेना, चक्री थांबेना, चित्र उमटेना, बाण येईना, माझा खेळ होईना!"

"नाही कलंडणार," वाटी ऐटीत म्हणाली.

"का गं?"

"धक्का बसेल, तर मी कलंडेन. तू देतेस? दे! बघू तुझा जोर!"

टिपकीने आठही पाय लावले. हुंऽऽऽ! वाटी हलली का? नाही. पुन्हा लावला जोर. हुंऽऽऽ! आता हलली का? तसूभरही नाही. वाटी हसली, टण्ण!

ट्रिंग! ट्रिंग! ट्रिंग! काका देवळापाशी आले!

आता काय करायचं?

टिपकीने खाली पाहिलं. आठही डोळ्यांनी पाहिलं. खाली काय दिसलं? आत्याचं नाक. मोठ्ठं. गुबगुबीत. चहाच्या वाफेने ओलं झालेलं.

टिपकी हसली. खुदुखुदु हसली. आणि मारली उडी. टुऽऽऽपुक!

थेट नाकाच्या शेंड्यावर!

"नाका, नाका, शिंक ना! वाटी कलंडेना, अक्षता पडेनात, आत्या ओढेना, वायर सुटेना, आजोबा झोपेनात, ताई उठेना, चक्री थांबेना, चित्र उमटेना, बाण येईना, माझा खेळ होईना!"

नाक काहीच बोललं नाही. नाकाला कुठे बोलता येतं? मग टिपकीने काय केलं? आठही पायांनी केल्या गुदगुल्या. गुदुगुदु, गुदुगुदु, गुदुगुदु!

"आ..." आत्या म्हणाली.

"आ... आ..."

"आऽऽऽक्छी!"

टिपकी उडाली, ती थेट पडद्यावर! आत्याचा हात उडाला, तो थेट फळीवर! ठक्क!

धक्का बसला, वाटी कलंडली. टण्ण!

वाटी कलंडली, अक्षता पडल्या. पर्रर्र! आणि पडल्या कुठे? बरोब्बर आजोबांच्या डोक्यावर!

"अगंबाई!" आत्या म्हणाली. "पडल्या की अक्षता! चला, झाली एकदाची पूजा." तिने आजोबांना हात जोडले.

अक्षता पडल्या, आत्याने ओढली.

आत्याने ओढली, वायर सुटली. सट्!

वायर सुटली, आजोबा झोपले. घर्रर्र... घर्र... घ...

आत्याने आजोबांना मऊ कापडात गुंडाळलं. माळेसकट. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. हळूच म्हणाली, "खूप काम केलंत हो आजोबा. आता आराम करा." आजोबांना बरं वाटलं. ते झोपेत हसले.

आत्याने पुन्हा बटण दाबलं. टिक!

आजोबा झोपले, ताई उठली. चट्!

ताई उठली, चक्री थांबली. गर्... बास!

चक्री थांबली, चित्र उमटलं. फुलंच फुलं!

चित्र उमटलं, बाण आला. सुर्रर्र!

"अगंबाई, इतक्यात?" आत्या म्हणाली. "माझा चहाचा एक घोटसुद्धा झाला नाही!"

बाण इकडे, टिपकी इकडे. टुपुक टुपुक! बाण तिकडे, टिपकी तिकडे. टुपुक टुपुक! आणि तेवढ्यात...

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

काका दारात!

"कुमुदताई, पत्रिकेत आणखी एक मामा राहिले हो... अरे, कोळी!"

काकांनी टोपी काढली. काकांनी टोपी उगारली. टिपकी जागच्या जागी थांबली. बाणही थांबला.

आत्याने हात आडवा केला.

"थांबा, हणमंतदादा. आज मामा नाही लिहिणार."

"का हो?"

आत्या हसली. "तिचा खेळ होईल, तर मी मामा लिहीन!"

काकांनी आत्याकडे पाहिलं. टिपकीकडे पाहिलं. मग टोपी घातली डोक्यावर, आणि बसले स्टुलावर.

आत्याने माउस धरला. बाण पळाला, सुर्रर्र! टिपकी मागे, टुपुक टुपुक! थोड्या वेळाने काकाच उठून ओरडायला लागले, "अगं, डावीकडे! डावीकडे गेला बघ!"

वाटी कलंडली,
साखळी उलगडली.

आणि मामा? मामा अजून लिहायचेच आहेत!