पुन्हा वाढ

नदीकाठच्या एका पाठशाळेत एकदा असा एक विद्यार्थी होता, की ज्याला न्यायशास्त्रातले कठिणातले कठीण वाद मुखोद्गत होते, पण पंगतीत ताक वाढता येत नव्हतं. त्याचं नाव विश्वंभर. वय चाळिशीकडे झुकलेलं. शिकायला म्हणून आला आणि तिथेच राहिला. नवे विद्यार्थी अडले की आचार्यांकडे जाण्याआधी त्याच्याकडे येत, कारण विचारांचा गुंता सोडवून दाखवण्याची त्याची हातोटी विलक्षण होती.

हाच विश्वंभर दारातून जाताना मात्र चौकटीवर खांदा आपटून घेई. सदऱ्याची बटणं एक काज सोडून लागलेली असत. फळ्यावर लिहिलेलं त्याचं त्यालाच वाचता येत नसे. सायकल तर तो कधी शिकलाच नाही. लहानपणापासून सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं होतं, "जरा लक्ष देत जा." तो लक्ष देई. इतकं देई, की संध्याकाळपर्यंत गळून जाई, आणि तरीही भांडं हातून निसटेच. शेवटी आपल्यातच एकाग्रता नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. ती यावी म्हणून जप केले, उपास केले, त्राटकही केलं. दिव्याच्या ज्योतीकडे तो पापणी न हलवता बसून राही. उठताना समईला पाय लागे.

त्या वर्षी आचार्यांनी त्याला बोलावून सांगितलं, "माझा आवाज आता दमतो. पुढच्या सत्रापासून वर्ग तू घे."

विश्वंभरने हात जोडले. "आचार्य, क्षमा करा. ज्याला खडू धरता येत नाही, त्याने आपल्या आसनावर बसू नये. मुलं हसतील, आणि त्यांचं चुकणारही नाही."

आचार्यांनी विषय तिथेच सोडला.

पुढे काही दिवसांनी नदीपलीकडचा एक व्यापारी सहकुटुंब पाठशाळेत जेवायला आला. वाढणारे कमी पडले आणि ताकाचं भांडं विश्वंभरच्या हाती आलं. व्हायचं तेच झालं. पळीतलं ताक वाटीत न पडता व्यापाऱ्याच्या गुडघ्यावर सांडलं. विश्वंभर खाली मान घालून बोलणी खायची वाट पाहत उभा राहिला.

तेवढ्यात आचार्य पानावरून उठले. "विश्वंभरा, पुन्हा वाढ."

विश्वंभरने ओठ घट्ट मिटले, सारा जीव हातात आणला आणि वाढलं. या वेळी निम्मी पळी जमिनीवर गेली.

"पुन्हा," आचार्य म्हणाले. ते त्याच्या कोपराजवळ उकिडवे बसले होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"राहू द्या हो, आचार्य," व्यापारी अवघडून म्हणाला. "बिचाऱ्याला कशाला?"

"शेठजी, थोडं थांबा. विश्वंभरा, आता मी सांगतो तेवढंच कर. पळी बुडव. वर उचल. थांब. वाटीवर आण. थांब. आता मनगट तिरकं कर."

ताक वाटीत पडलं. आचार्यांनी मांडीवर थाप मारली आणि ते स्वतःशीच हसले.

ते हसू विश्वंभरच्या काळजाला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि कोणाला न सांगता तो फाटकाशी आला. तिथे आचार्य प्रवासाच्या तयारीने उभे होते.

"घरी निघालास ना? जा. पण आधी माझ्याबरोबर शहरातल्या दवाखान्यात चल."

"आपल्याला बरं वाटत नाही?" विश्वंभरने राग विसरून विचारलं.

"मी ठणठणीत आहे. तुला दाखवायचं आहे."

दवाखान्यातल्या पहिल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "अहो, वेंधळेपणा असतो एखाद्यात. आणि आता या वयात तपासून काय करणार? इतकी वर्षं चाललंच आहे ना?"

विश्वंभर उठू लागला. आचार्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. "चाललंय का, हे तुम्ही याला विचारलंत?"

डॉक्टर जरा वरमले. त्यांनी विश्वंभरला विचारलं. तो बोलू लागला, तसे ते ऐकत गेले आणि अखेर त्यांनी त्याच दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांचं आणि रोजची कामं सोपी करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव सांगितलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या करून इतर आजार नसल्याची खात्री केली. थेरपिस्ट होत्या वसुधा खानोलकर. पहिल्याच भेटीत त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि विश्वंभर खुर्चीत पुढे सरकत गेला. पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो का? कवायतीत उजवं-डावं चुकायचं का? दुसऱ्याला सहज जमणारी हालचाल तुम्हाला दर वेळी नव्याने शिकावी लागते का?

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं. "हे तर मी कोणाशीच बोललो नाही."

"तुमच्यासारखे इतर लोक सांगतात," त्या म्हणाल्या.

तुमच्यासारखे इतर. विश्वंभरने ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले.

पुढच्या भेटींत त्यांनी त्याला मणी ओवायला लावले, चेंडू झेलायला लावला, लिहायला लावलं. शेवटी एका दुपारी त्यांनी सांगितलं, "याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. तुमची बुद्धी उत्तम आहे, हातात बळही आहे. पण कुठली हालचाल कशी आणि कोणत्या क्रमाने करायची, याची जुळणी तुमच्या मेंदूत सहज होत नाही. जन्मापासूनच असं आहे. हे पुरतं जाणार नाही, पण सोपं खूप करता येईल." मग त्यांनी सोप्या वाटा दाखवल्या. जाड मुठीची पळी, बसून काम करणं, प्रत्येक हालचालीचे टप्पे तोंडाने म्हणणं. आणि दमलात की विश्रांती घ्यायची, लाजायचं नाही.

बाहेर पडल्यावर विश्वंभर वाऱ्यासारखा बोलत सुटला. शाळेतली कवायत, भावाच्या लग्नात हातून पडलेलं ताट, न आलेली सायकल, एकेक गोष्ट काढून तो म्हणे, "म्हणजे तेही यामुळेच!" बोलता बोलता तो बसस्थानकाच्या खांबावर आपटला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यावर खळखळून हसला. मग बाकावर बसून त्याने विचारलं, "आचार्य, पंगतीत मला पुन्हा पुन्हा का वाढायला लावलंत?"

आचार्य म्हणाले, "चारचौघांत करायला नको होतं. पण डोळ्यांसमोर घडत होतं, मला राहवलं नाही. बाळ, कारण तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे तूच मुलांना शिकवतोस. आणि स्वतःच्या बाबतीत मात्र लोकांचा निष्कर्ष जसाच्या तसा उचललास. नुसता लक्ष नसण्याचा प्रश्न असता, तर दुसऱ्या खेपेला तू सावध होऊन नीट वाढलं असतंस. तू जीव ओतलास, तरी सांडलंच. तेव्हा मला कळलं की लक्षाचा इथे संबंध नाही. मी टप्पे सांगितले आणि जमलं, तेव्हा वाटलं, कारण काहीतरी निराळं आहे आणि ते सापडू शकतं. त्याचा आनंद झाला मला. सगळ्यांनी सांडलेलं पाहिलं होतं. कसं सांडतं, ते कोणी पाहिलं नव्हतं."

विश्वंभर म्हणाला, "वर्ग मी घेईन. फळ्यावर लिहिणार नाही. बोलून शिकवेन, आणि पहिल्याच दिवशी मुलांना कारण सांगेन."

एवढं बोलल्यावर त्याला राहवेना. त्याने गावी वडिलांना फोन लावला आणि नेहमीप्रमाणे स्पीकर चालू करून तो बाकावर ठेवला. वडील निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. त्याच्या अक्षरावरून त्यांनी त्याला पुष्कळ मारलं होतं. विश्वंभरने सगळं एका दमात सांगितलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही.

"नाना, ऐकताय ना?"

"ऐकतोय." नाना थांबले. "माझी बटणं अजून तुझी आई लावून देते. तुम्हा मुलांना कधी कळू दिलं नाही. माझं अक्षर गिरवून घ्यायला माझ्या वडिलांनी बोटांवर पट्ट्या मारल्या होत्या. मला वाटायचं, मारलं की तुझं तरी सुधारेल."

विश्वंभरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्या बाईंना एक विचारशील?" नाना हळू आवाजात म्हणाले. "माझ्या वयाच्या माणसाला बघतात का त्या?"

विश्वंभरने मान वर केली. स्थानकात त्यांची गाडी लागत होती. आचार्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते केव्हाच बाकावरून उठून पुन्हा दवाखान्याच्या वाटेला लागले होते.