खिंडारातली जाई

ही भिंत चोरांसाठी बांधलेली नव्हती. ज्यांनी बांधली त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ते चोरांचंच नाव घेत राहिले.

हरणखोरीत प्रत्येक घराच्या परसाला पुरुषभर उंचीहून मोठी भिंत आहे. प्रत्येक भिंतीला दाराएवढं खिंडार आहे, आणि प्रत्येक खिंडारात जाईचा वेल. गावचे रावजीआबा आम्हाला त्यातलं सर्वांत जुनं खिंडार दाखवायला घेऊन गेले. त्याची गोष्ट ते अशी सांगतात.

या घरात राही नावाची सून आली. येताना तिनं आईच्या परसातल्या जाईची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि मोरीच्या पाण्यावर लावली. लग्नात मानपानावरून काही बिनसलं होतं, म्हणून सासूनं तिला माहेरी पाठवलंच नाही. राहीचं जग म्हणजे चूल, मोरी आणि हे परस. मग निरोप आला, आईनं अंथरूण धरलंय. राही सासूच्या पाया पडली. सासूनं देव्हाऱ्यातला भंडारा उचलून शब्द दिला, "तुझी जाई भिंत ओलांडून बाहेर गेली, की तूही जा."

राही तांदळाचं धुवण घाली, मुळाशी शेणखत पुरी, वेलाला सुतळीनं वरची वाट दाखवी. शेंडा भिंतीच्या माथ्याशी पोचला, की सासू पाटावर उभी राहून तो खुडून टाकी. सासूनं जन्मभर माणसं वाकवली होती. रोप कधी हातात धरलं नव्हतं. एक शेंडा खुडला की खालून दोन फुटतात, हे तिला माहीत नव्हतं. राहीला माहीत होतं. ती धुवण घालत राहिली.

सासू खुडत गेली, जाई दाटत गेली. म्हणे, भिंत दिसेनाशी झाली, मुळं मातीच्या सांध्यांत शिरली, आणि एका श्रावणात तेवढा भाग आपल्याच वजनानं बाहेर कोसळला. वेल रस्त्यावर पडला, फुलांसकट. सासू भंडाऱ्याला बांधलेली होती. "जा," एवढंच म्हणाली.

राही ओंजळभर फुलं घेऊन त्या ढिगाऱ्यावरून गेली. आईनं ती फुलं पाहिली की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत. राही परत आली नाही, याबद्दल एकच.

लोक भ्याले. देवीनंच भिंत पाडली असं ठरलं. खिंडार बुजवायचं नाही, पडलेला वेल तिथंच उभा करायचा आणि पुन्हा कुणी त्याला कात्री लावायची नाही, असा नेम झाला. पुढं प्रत्येक घरानं आपल्या भिंतीत तसंच खिंडार पाडून घेतलं. आजही हरणखोरीत नवी सून माहेरची जाई आणते, ती खिंडारातच लावतात, आणि पहिला शेंडा सासू खुडते. त्यानंतर वेलाला कुणी शिवत नाही.

आबांची गोष्ट संपली. मला राहवलं नाही. मी विचारलं, मग गावच्या सुना याच वाटेनं माहेरी जात असतील ना? आबा कौतुकानं हसले आणि वेलाला नमस्कार करायला वळले. वेल इतका गच्च होता की पलीकडचा रस्ता दिसत नव्हता.

आम्हाला पाणी द्यायला आलेली घरातली सून रिकामे तांबे गोळा करत होती. आबांची पाठ वळलेली पाहून ती हळूच म्हणाली, "वाट हाय की, ताई. पण जाईला हात लावायचा न्हाई, मग निघायचं कुठनं?"