सगुणेच्या मानेवरच्या गाठी

गोदाकाठच्या वडनेरी गावी, नदीच्या घाटाला लागून, शांभवनाथ महाराजांचा मठ होता. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गावोगाव फिरणारी सगुणा कासारीण ही त्यांची भोळी भक्त. एकदा तिच्या मानेवर गाठी उठल्या. अंगातली कणकण जाईना, अन्न गोड लागेना. बायका तिच्याकडून बांगड्या भरून घ्यायला भिऊ लागल्या. शेवटी अंगारा मागायला ती मठात आली.

महाराजांनी तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाले, "आता अशीच तालुक्याच्या दवाखान्यात जा. डॉक्टरांना गाठी दाखव. भिऊ नकोस, मी आहे."

शेजारी बसलेले हैबतराव इनामदार हसले. "ऐकलंस कासारणी? बाबाच डॉक्टरकडे धाडायला लागले. मग इथं नाक घासायला कशाला यायचं?"

सगुणेच्या ते जिव्हारी लागलं. पण महाराजांचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. ती निघाली. हैबतराव मात्र बाबांचं पितळ उघडं पाडायला दिवसभर मठातच ठाण मांडून बसले.

दवाखान्यात डॉक्टर टिल्लूंनी गाठी चाचपल्या, घसा पाहिला, दात पाहिले. सुजेचं कारण काही सापडेना. मग त्यांना आठवलं. "अगं, तुझे वडील मघाशी येऊन गेले. पोरीचा अंबाडा सोडून बघा म्हणाले."

सगुणा चकित झाली. तिचे वडील केव्हाच वारले होते! तिनं अंबाडा सोडला. केसांच्या मुळाशी पाटीच्या बांबूची बारीक काडी रुतून आत पू झाला होता. डॉक्टरांनी ती काढली, जखम धुतली, औषध दिलं. "हिच्यामुळेच गाठी सुजल्या. आता उतरतील."

आणि त्या उतरल्या. सगुणेनं मठात सगळं सांगितलं, तेव्हा हैबतराव म्हणाले, "थापा आहेत."

पुढं एकदा गावात आलेले डॉक्टर मठात डोकावले आणि महाराजांना पाहून उद्गारले, "बाबा, तुम्ही इथले होय? लेक कशी आहे तुमची?"

"शक्य नाही," हैबतराव ताडकन म्हणाले. "त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत महाराज माझ्यासमोरून हललेसुद्धा नाहीत." बोलून गेले, आणि आपल्याच शब्दांनी चपापले.

महाराज हसून म्हणाले, "हैबतराव, काखेतली गाठ किती दिवस झाकून ठेवणार? डॉक्टर आयते आलेत."

हैबतरावांचा चेहरा उतरला. ती गाठ त्यांनी भीतीपोटी बायकोलाही सांगितली नव्हती. डॉक्टरांनी तिथंच चाचपून पाहिली. "घाबरण्यासारखी दिसत नाही. पण उद्या दवाखान्यात या, नीट तपासू."

हैबतरावांचे डोळे भरून आले. पागोटं काढून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, मग दाराशी येऊन सारं ऐकत उभ्या राहिलेल्या सगुणेपुढं हात जोडले. "सगुणाबाई, चुकलो मी."

"असू द्या, रावसाहेब," सगुणा हसत म्हणाली. "उद्या पाटी घेऊन मीही तिकडंच निघालेय. बरोबर चला."