कोल्ह्याच्या स्वस्त शेंगा

साग-मोहाच्या एका दाट जंगलात एक खार राहत असे. मोठी कष्टाळू, पण विसरभोळी अशी की विचारू नका! चारोळ्या वेचायच्या, थोड्या ढोलीत ठेवायच्या, थोड्या झाडांच्या मुळाशी पुरायच्या आणि कुठे पुरल्या ते साफ विसरून जायचे, ही तिच्या घराण्याची रीतच होती. मुलांनो, त्या जंगलात चारोळ्या खातही आणि चारोळ्या देऊनच वस्तू विकतही घेत. यंदा खारीच्या ढोलीत चिमुकली पिल्ले होती. पावसाची झड लागली की तिला बाहेर पडता येत नसे. तेवढ्या दिवसांसाठी तिने पिल्लांपुरता साठा कसाबसा जमवला होता.

त्याच सुमारास वडाच्या पारंब्यांत एका कोल्ह्याने दुकान थाटले. "मूठभर शेंगा एका चारोळीला! या हो या!" अशी तो आरोळी ठोकी. इतरत्र तेवढ्याच शेंगांना ओंजळभर चारोळ्या पडत. खार हरखून धावली. शेंगांची टोपली मात्र पार आत, शेवटच्या पारंबीशी होती. तिथवरची वाट वळणे घेत घुंगरांवरून, मोरपिसांवरून, चकचकीत आरशांवरून जाई.

"शेंगांत एवढ्या चारोळ्या वाचल्या, तर एक घुंगरू घ्यायला काय हरकत आहे?" खार स्वतःशीच म्हणाली. "आणि कोल्होबा, हे मोरपीस कसं दिलं?"

"तुम्हाला काय जास्त सांगणार, खारूताई! द्या ओंजळभर."

दर बाजाराला हेच होऊ लागले. ढोलीतला साठा खाली खाली जाऊ लागला. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. आपली खार म्हणाली, "इथे कमी दिसताहेत, म्हणजे उरलेल्या मी पळसाखाली पुरल्या असणार!" आणि ती निर्धास्त झोपली.

मग पश्चिमेला ढग जमू लागले. खारीने पळसाखाली उकरले, सागाखाली उकरले, सगळे रान पालथे घातले. हाती लागल्या जेमतेम मूठभर चारोळ्या. दमून ती ढोलीत परतली, तर भुकेलेली पिल्ले आरसा चाटत बसली होती.

"आई, हे कसं खायचं गं?" धाकट्याने विचारले.

खारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. ती तडक कोल्ह्याकडे गेली आणि त्याला वाट्टेल तसे बोलली. कोल्ह्याने तिला प्यायला पाणी दिले.

"ताई, खरं सांगू? शेंगांत मी तोटाच खातो. महाग आणतो, स्वस्त देतो. शेंगांसाठी तुम्ही आत येता आणि येता-जाता बाकीचं घेता, त्यात माझा तोटा भरून निघतो. पण घ्याच म्हणून मी कधी तुमचा हात धरला का?"

खार मान खाली घालून निघाली. वाटेत मात्र तिच्या मनात आले, शेंगा स्वस्त आहेत हे तर खरेच ना!

पुढच्या बाजारी ती दारातून गेलीच नाही. वडावर चढली आणि वरच्या फांदीवरून थेट शेंगांच्या टोपलीत उतरली.

"अहो ताई, दारातून या की!" कोल्हा दचकून म्हणाला.

"नको हो कोल्होबा! दारातून आले की माझं मन थाऱ्यावर राहत नाही."

कोल्ह्याला हसू आवरेना. खारीने एक चारोळी दिली, शेंगा घेतल्या आणि आल्या वाटेने निघून गेली. अशा फेऱ्या करता करता ढोली शेंगांनी भरत आली आणि पिल्लांचे गाल वर आले.

पावसाआधीच्या शेवटच्या बाजारी खार मुद्दाम दारातून आत शिरली. सावकाश, सगळे बघत बघत. कोल्ह्याने सगळ्यात सुबक घुंगरू उचलून तिच्या कानाशी वाजवले.

"तुमच्यासाठी निम्म्या किमतीत, ताई!"

खारीचे हात शिवशिवले, खोटे कशाला सांगू! तिने ते घुंगरू हातात घेतले, मायेने कुरवाळले, एकदा वाजवूनही पाहिले.

"फार गोड वाजतं हो," ती म्हणाली आणि तिने ते जागच्या जागी ठेवले. "पण आज मी शेंगांना आले आहे."

शेंगा घेऊन ती दारातूनच बाहेर पडली. कोल्हा कितीतरी वेळ तिच्या पाठमोऱ्या शेपटीकडे बघत राहिला, आणि का कोण जाणे, त्याला तिचे फार कौतुक वाटले.

तात्पर्य : स्वस्त वस्तू दाखवून दुकानदार आपल्याला आत बोलावतो, आपण कशासाठी आत आलो, हे मात्र आपले आपणच लक्षात ठेवावे.