एकही तक्रार नाही

मतमोजणीच्या ऐन दिवशी जळगावच्या एका दैनिकाची वेबसाइट कोसळली आणि पुरती शोभा झाली. पुन्हा असं घडलं तर वेबसाइट गुंडाळायची, असं मालक तात्यासाहेबांनी बजावलं.

नव्या सर्व्हरसाठी दोन कंपन्या आल्या. पहिलीने सरळ सांगितलं, "वर्षात दोनदा बंद पडलो." दुसरीचे संचालक मोहरीर मात्र पाय पसरून बसले. "आमचा सर्व्हर सर्वांत वेगवान. आणि बंद पडल्याची वर्षभरात एकही तक्रार नाही!"

तात्यासाहेबांनी सहीसाठी पेन उघडलं, तशा ज्येष्ठ वार्ताहर कुमुदताई उखडल्या. खरं बोलणारा हरणार आणि फुशारक्या मारणारा जिंकणार?

"तक्रार करायची कुठे हो?"

"आमच्या वेबसाइटवर. बाई, हे तुमच्या पिढीचं काम नाही."

"आणि ती वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर चालते?"

"याच की! स्वतःवर विश्वास आहे आमचा."

"म्हणजे मेलेल्यानंच येऊन मृत्यूची नोंद करायची! मग साहेब, त्या हिशेबानं आमच्या जळगावातही आजवर कुणी मेलेलं नाही."

मोहरीरांचे पाय आपोआप जवळ आले. तात्यासाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"कुमुदताई, त्या दोनदा पडलेल्यांना बोलवा. आपण पडलो हे त्यांना निदान कळतं तरी!"